गाडीवाटेवरील मोटरसायकल : इंजिन अवाजवी तापण्याचे निदान व प्रतिबंध

खरिपाच्या पेरणीपासून उन्हाळी नांगरटीपर्यंत वर्षाचा असा एकही महिना जात नाही की ज्यात ग्रामकार्यकर्त्याला व शेतकऱ्याला मोटरसायकलीचे काम पडत नाही. मातीचे नमुने तालुक्याच्या गावी पोचविणे, रोगट पिकाची फांदी सुकण्यापूर्वी तज्ज्ञाच्या नजरेखाली आणणे, सकाळच्या दुधाचे कॅन वेळेत संकलन केंद्रावर नेणे, बियाण्याच्या पिशव्या वाडीवस्तीवर पोचविणे, ही सर्व कामे आज बहुधा दुचाकीवरूनच होतात. या फेऱ्यांतील निम्मी वाट डांबरी सडकेची, तर उरलेली गाडीवाटेची, ओढ्याची व बांधाची असते. अशा दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालाव्यात म्हणून उंच बांध्याच्या, लांब धक्काशोषकांच्या व मोठ्या पुढच्या चाकाच्या मोटरसायकली निघाल्या आहेत. आपल्या देशात 2011 साली हिरो मोटोकॉर्पची इम्पल्स, 2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन व 2019 साली हिरोची एक्सपल्स 200 अशा या वर्गातील गाड्या बाजारात आल्या. पुष्कळ ठिकाणी साध्या प्रवासी मोटरसायकलीकडूनही हेच दुहेरी काम करून घेतले जाते.

अशा गाडीची सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘इंजिन फार तापते’ ही होय. या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले तर एखाद्या दिवशी घाटाच्या मध्यावर पिस्टन जाम होतो, दूध नासते, नमुना वाया जातो आणि सिलिंडर, पिस्टन व कधीकधी हेडही बदलण्याचा खर्च अंगावर येतो. उलटपक्षी, तक्रार ऐकताच इंजिन खोलून बसणे हेही तितकेच नुकसानीचे ठरते. कारण तापण्याची पुष्कळशी कारणे इंजिनाच्या आत नसून बाहेर असतात व ती हाताने, डोळ्यांनी आणि बादलीभर पाण्याने दूर करता येतात. म्हणून निदान नेहमी बाहेरून आत या क्रमाने करावे. हा क्रम समजून घेणे हाच या पाठाचा उद्देश आहे.

उष्णता कोठून येते व कोठे जाते?

सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटते तेव्हा वायूचे तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा बनविलेला असतो, तो सुमारे 600 अंशांच्या आसपासच वितळू लागतो. तरीही पिस्टन टिकतो, कारण त्याला मिळालेली उष्णता सतत बाहेर नेली जात असते. पेट्रोलमधील उष्णतेपैकी ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्साच चाकापर्यंत कामाच्या रूपाने पोचतो. उरलेल्यापैकी मोठा भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो व बाकीचा सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर टाकावा लागतो.

हे काम तीन वाटांनी होते. पहिली वाट वाऱ्याची. सिलिंडरभोवती जे पातळ धातूचे कप्पे असतात व ज्यांना कारागीर फिन्स म्हणतात, ते वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळावा यासाठीच असतात. दुसरी वाट ऑइलची. ऑइल केवळ वंगण नव्हे. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता तेच उचलून नेते. काही गाड्यांत त्यासाठी इंजिनापुढे ऑइल थंड करणारी लहान जाळी बसविलेली असते. तिसरी वाट कूलंटची. 2023 सालच्या 452 सी.सी.च्या हिमालयनसारख्या गाड्यांत कूलंट सिलिंडरभोवती फिरून उष्णता घेते व पुढील रेडिएटरमध्ये येऊन ती वाऱ्याला देते. थोडक्यात, कोणतीही गाडी घेतली तरी उष्णता शेवटी वाऱ्याच्याच स्वाधीन होते.

आता गाडीवाटेवर काय घडते ते पाहावे. तेवढ्याच फेऱ्यांनी फिरणारे इंजिन वरच्या गिअरमध्ये ताशी 50 किलोमीटर वेग देत असेल, तर पहिल्या गिअरमध्ये ते ताशी सुमारे 15 किलोमीटरच देते. आत पेटणाऱ्या मिश्रणाची वारंवारता तीच, पण समोरून येणारा वारा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातच चढ व चिखल असला म्हणजे प्रत्येक वेळी जळणारे पेट्रोलही वाढते. उष्णतेची आवक वाढली व जावक घटली, हेच तापण्याचे मूळ होय.

हवेचे तापमानही हिशेबात धरावे लागते. हेडचे तापमान 150 अंश व हवेचे 25 अंश असेल तर दोहोंत 125 अंशांचे अंतर राहते. चंद्रपूरकडे वैशाखात हवा 45 अंशांवर गेली म्हणजे हे अंतर 105 अंशांवर येते आणि बाहेर जाणारी उष्णता सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते. हिवाळ्यात बिनतक्रार चालणारी गाडी उन्हाळ्यात त्याच वाटेवर तापते, ती यामुळेच.

तापणे आणि अवाजवी तापणे

वाऱ्याने थंड होणारे इंजिन निरोगी असतानाही हात लावू देत नाही. फिन्सवर पाण्याचा थेंब टाकून चुर्र असा आवाज आला म्हणजे इंजिन बिघडले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. चालू इंजिनाचे हेड 100 अंशांच्या वर असणे हे स्वाभाविकच आहे, थेंब उडणारच. गाडी थांबविल्यावर सायलेन्सरमधून येणारा टिकटिक आवाज हाही निवणाऱ्या धातूच्या आकुंचनाचा असतो. त्यात भिण्यासारखे काही नाही.

अवाजवी तापण्याची खरी लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

1. ओळखीच्या चढावर नेहमीच्या गिअरमध्ये गाडी ओढेनाशी होते.
2. जोर दिला असता हेडमधून बारीक, कोरडी खडखड ऐकू येते. मिश्रण ठिणगीच्या आधीच वा वेडेवाकडे पेटत असल्याची ती खूण असते.
3. गिअर जड पडू लागतात व न्यूट्रल सापडत नाही.
4. जळक्या ऑइलचा वास येतो.
5. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत चावी बंद केल्यावरही इंजिन एकदोन गचके खाऊन मग थांबते.
6. कूलंटच्या गाडीत तापमानाचा लाल दिवा लागतो, पंखा थांबतच नाही किंवा वाफ दिसते.

यांपैकी पहिले, दुसरे किंवा सहावे लक्षण दिसताच पुढे रेटणे थांबवावे. कारण असे की, ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या अस्तरापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. 60 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे तापमान 100 अंशांनी वाढले तर त्याचा व्यास सुमारे 0.12 मिलिमीटरने वाढतो. पिस्टन व सिलिंडर यांमधील अंतर मात्र केसाच्या जाडीहूनही कमी असते. हे अंतर संपले, की ऑइलचा थर पुसला जातो, धातूवर धातू घासतो आणि पिस्टन जाम होतो. उतारावर किंवा भरवेगात असे झाल्यास मागचे चाक एकाएकी अडून स्वाराला अपघात होण्याचा संभव असतो. अशा वेळी क्लच तत्काळ दाबून गाडी कडेला घ्यावी.

वाटेत इंजिन तापल्यास

गाडी सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी उभी करून इंजिन बंद करावे. वाऱ्याने थंड होणारे इंजिन उभ्या जागी चालू ठेवून निवत नाही. वारा नसल्याने ते उलट अधिक तापते. कूलंटच्या काही गाड्यांत चावी चालू ठेवली असता इंजिन बंद असूनही पंखा फिरत राहतो. तशी सोय असल्यास तिचा उपयोग करावा.

या वेळी तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. धातू एका बाजूने एकाएकी आकसतो आणि हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. याच कारणासाठी घाट चढून आलेली गाडी लगेच गुडघाभर ओढ्यात घालू नये; पाच-दहा मिनिटे थांबून मग ओढा ओलांडावा. दुसरी, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. या झाकणामुळे आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅमचा जादा दाब राहतो. त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 120 अंशांवर उकळते. झाकण उघडताच दाब जातो, आतील द्रव एकदम उकळून बाहेर उसळतो आणि तोंड व हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबून, रेडिएटरला हात लावून तो पुरता निवाल्याची खात्री करून, जाड फडके धरूनच झाकण फिरवावे. तिसरी, तापलेली गाडी वाळल्या गवतावर, पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी करू नये. धूर शुद्ध करणारे जे उपकरण हल्ली सायलेन्सरच्या नळीत असते, ते शेकडो अंशांपर्यंत तापते. एका गाडीपायी वर्षाची वैरण जळून जाण्यास एवढे निमित्त पुरे होते.

इंजिन निवाल्यावर गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइलची पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी चालवू नये. किक किंवा स्टार्टरने इंजिन फिरत नसेल तर जोर करू नये. गाडी टेम्पोतून वा बैलगाडीतून नेणे हेच स्वस्त पडते.

निदानाचा क्रम : बाहेरून आत

पहिली पायरी : चालविण्याची रीत व भार. सर्वप्रथम स्वाराला विचारावे की गाडी नेमकी कोठे तापते. केवळ घाटात व गाडीवाटेवरच तापत असेल, सपाट सडकेवर मुळीच तापत नसेल, तर दोष बहुधा वाऱ्याच्या वाटेत किंवा चालविण्याच्या रीतीत असतो. सर्वत्र तापत असेल तर ऑइल, कूलंट किंवा मिश्रण यांचा संशय घ्यावा. अर्धा क्लच दाबून चिखलातून गाडी रेटण्याची सवय पुष्कळांना असते. क्लचच्या तबकड्या घसरून जी उष्णता निर्माण होते ती त्याच ऑइलमध्ये जाते. तसेच वरच्या गिअरमध्ये जोर देऊन, इंजिन धापा टाकत असताना चढ चढणे हेही हानिकारक आहे. आंबोली किंवा कुंभार्लीसारख्या लांब घाटात एक गिअर खाली घ्यावा, इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे व वेग शक्य तितका एकसारखा ठेवावा.

यानंतर गाडी मधल्या स्टँडवर अथवा ठोकळ्यावर घेऊन दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. चिखल सुकून ब्रेक घासत असेल, चेन अति ताणलेली असेल किंवा चाकातील हवा कमी असेल तर इंजिन दिवसभर एक अदृश्य ओझे ओढत असते. पाच किलोमीटर ब्रेक न लावता चालवून चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागले तर त्याचा ब्रेक घासतो असे समजावे. रेताड वाटेसाठी कमी केलेली हवा सडकेवर येताच पुन्हा भरून घ्यावी.

दुसरी पायरी : वाऱ्याची वाट. खेड्यातील गाड्यांत हेच कारण सर्वांत अधिक आढळते व सर्वांत कमी तपासले जाते. समजा, आषाढात भातलावणीच्या दिवसांत एक कार्यकर्ता रोज खाचरांच्या कडेने जातो. पुढच्या चाकाने उडविलेला चिखल फिन्सच्या फटींत बसतो. पाऊस चालू असेपर्यंत सिलिंडर ओला राहतो व काही जाणवत नाही. भाद्रपदात ऊन पडताच तोच चिखल विटेसारखा भाजून निघतो, फटी बुजतात आणि सिलिंडरवर मातीचा जणू अंगरखा चढतो. आश्विनात घाटात गाडी ओढेनाशी होते. मिस्त्री सिलिंडर घासून मोठा करण्याचा सल्ला देतो. प्रत्यक्षात मात्र गरज असते ती लाकडी काडीने, बुटक्या ब्रशने व पाण्याने फटी मोकळ्या करण्याची. अशा गाडीचे इंजिन खोलण्यापूर्वी ती धुवावी व त्याच घाटात एकवार नेऊन पाहावी. दोष गेला तर खर्च वाचला. न गेला तर एक कारण निश्चितपणे वगळले गेले.

ऑइलच्या जाळीची व रेडिएटरची तपासणीही अशीच करावी. कापसाचा तंतू, गवताची कुसळे, उसाचे पाचट, किडे व चिखल हे जाळीच्या पुढील बाजूस बसतात. ते हलक्या धारेने, शक्यतो मागील बाजूकडून पुढे धुवावेत. सर्व्हिस केंद्रावरील जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पात्या वाकून पडतात व वाट कायमची बंद होते. लेगगार्डला टांगलेल्या पिशव्या, पुढे बांधलेले पोते, हौसेने लावलेले रुंद पत्रे यांनीही वारा अडतो. ओझे मागे बांधावे; इंजिनासमोरील जागा मोकळी ठेवावी.

तिसरी पायरी : ऑइल. लहान मोटरसायकलींत ऑइल एक लिटरच्या आसपासच असते. त्यातील पाव लिटर गळले वा जळले म्हणजे उष्णता वाहून नेणारा चौथा हिस्सा नाहीसा झाला, हे लक्षात घ्यावे. म्हणून पातळी दर आठवड्यास व लांबच्या फेरीपूर्वी पाहावी. ऑइल काळे दिसणे हा एकटा दोष नव्हे. बोटांत घेतल्यास ते पाण्यासारखे पातळ लागत असेल, जळका वास येत असेल किंवा त्यात चकचकीत कण दिसत असतील तर ते तत्काळ बदलावे. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. ओढा ओलांडताना पाणी गेले असेल, अथवा कूलंटच्या गाडीत गॅस्केट फुटले असेल. केवळ झाकणाच्या आत थोडा पांढरा फेस असणे व खालील ऑइल स्वच्छ असणे हे मात्र थंडीतील आखूड फेऱ्यांमुळेही होते.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे. मोटरकारचे काही ऑइल घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी युक्त असते. ज्या मोटरसायकलीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो तिच्यात ते घातल्यास क्लच घसरतो व तापतो. डब्यावर जासो एमए अथवा एमए2 अशी खूण पाहून घ्यावी. धुळीत व कमी गिअरमध्ये सतत काम असल्यास पुस्तिकेतील किलोमीटरच्या मर्यादेची वाट न पाहता ऑइल लवकर बदलावे. ट्रॅक्टरसाठी किलोमीटर न मोजता तास मोजतात. गाडीवाटेवरील मोटरसायकलीलाही तोच न्याय लागू पडतो.

चौथी पायरी : कूलंट. ही पायरी फक्त रेडिएटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन थंड असताना प्रथम बाजूच्या टाकीतील पातळी व नंतर रेडिएटरमधील पातळी पाहावी. रबरी नळ्या, त्यांचे जोड व पंपाखालील बारीक भोक येथे थेंब दिसल्यास गळती समजावी. पंपाच्या भोकातून गळणे म्हणजे आतील सील संपल्याची सूचना होय. त्यानंतर पंखा तपासावा. इंजिन चालू ठेवून तापमान 100 अंशांच्या आसपास चढू लागले, तरी पंखा फिरत नसेल तर फ्यूज, तारेचा जोड व पंख्यात अडकलेला चिखल यांचा शोध घ्यावा. पंखा फिरत असूनही इंजिन तापत असेल आणि खालची नळी गार लागत असेल, तर थर्मोस्टॅट बंद राहिला असण्याचा किंवा पंप काम करीत नसल्याचा संभव असतो. बाहेर कोठेही गळती नसता कूलंट वरचेवर कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील व धुराला गोडसर वास येत असेल, तर हेडचे गॅस्केट तपासण्याचे काम मिस्त्रीवर सोपवावे.

विहिरीचे वा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची चाल बंद झाली पाहिजे. त्यातील क्षारांचा थर चहाच्या भांड्यात जसा बसतो तसाच बारीक नळ्यांत बसतो व उष्णतेची वाट रोखतो. अडचणीत भरावे लागलेच तर नंतर ते काढून, रेडिएटर धुवून, तयार कूलंट भरावे. वापरलेल्या कूलंटबाबत एक धोका सर्वांनी जाणून असावा. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असते व त्याची चव गोड असते. कुत्री, वासरे व लहान मुले ते चाटण्याचा संभव असल्याने ते उघड्या भांड्यात ठेवू नये. आणि विहिरीजवळ, हौदाजवळ किंवा गोठ्यात सांडू नये.

पाचवी पायरी : पेट्रोल, हवा व ठिणगी. मिश्रणात पेट्रोल कमी व हवा जास्त झाली म्हणजे ज्वलन मंद होते, हेड तापते व अडखळण्याचा दोष उद्भवतो. अशा इंजिनाला थंडीत चोक फार वेळ लागतो, रेस सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट होते आणि प्लगचे टोक बिस्किटाच्या रंगाऐवजी पांढरे फटक दिसते. कार्ब्युरेटर व हेड यांमधील रबराला भेगा पडून जादा हवा शिरणे, जेटमध्ये कचरा अडकणे, टाकीच्या झाकणातील हवेचे भोक चिखलाने बुजणे ही याची सामान्य कारणे होत. झाकणाचे भोक बुजले असता थोडे अंतर गेल्यावर गाडी उपाशी राहते आणि झाकण उघडताच पुन्हा चालू लागते. ही खूण ध्यानात ठेवावी.

2023 सालापासून देशात ऊस, मका इत्यादींपासून केलेले इथेनॉल 20 टक्के मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत मिश्रण किंचित पातळ होते. ज्या गाड्यांत इंधन संगणकाच्या नियंत्रणाखाली फवारले जाते व धुरातील प्राणवायू मोजला जातो, त्या हा फरक स्वतःच भरून काढतात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक मोटरसायकली या प्रकारच्या आहेत. जुनी गाडी असल्यास कार्ब्युरेटर स्वच्छ व जेट मोकळे ठेवावेत, रबरी नळ्यांवर नजर ठेवावी आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. एअर फिल्टरही पाहावा. धूळ, भाताचे तूस, क्वचित उंदराचे घरटे यांनी तो बुजल्यास गाडीचा जोर जातो व स्वार अधिकाधिक रेस देत राहतो.

सहावी पायरी : आतील दोष. वरील पाच पायऱ्यांत कारण न सापडल्यासच इंजिनाच्या आत पाहावे. त्यातही पहिला मान टॅपेटच्या अंतराचा. धूर बाहेर सोडणारी झडप आपली बहुतेक उष्णता बंद असताना बैठकीला टेकून देते. अंतर कमी असेल तर ती पुरती टेकत नाही, उष्णता देऊ शकत नाही व कडेने जळते. खडखडणारे टॅपेट कानाला ऐकू येते. घट्ट झालेले टॅपेट मात्र मुकाट्याने झडप जाळते. म्हणून आवाज नाही यावर विसंबू नये. इंजिन थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या पट्टीनेच हे अंतर तपासावे. त्यानंतर हेडवर साचलेला काजळीचा थर, ऑइल पंप, गॅस्केट व शेवटी पिस्टनच्या कड्या हा क्रम ठेवावा.

वर्षभराची निगा

मृगापूर्वी ऑइल, एअर फिल्टर व ब्रेक तपासावेत आणि पुढील मडगार्ड शाबूत असल्याची खात्री करावी; तुटके मडगार्ड सर्व चिखल सिलिंडरवर टाकते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, फिन्स व जाळ्या धुवाव्यात. चिखल ओला असतानाच सहज निघतो. दसऱ्याच्या सुमारास चिखलाची संपूर्ण सफाई, चेनचा ताण व टॅपेट ही कामे उरकावीत. खंडेनवमीस यंत्राची पूजा होते, तेव्हा हीच खरी पूजा समजावी. मळणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत तूस आणि पाचट रोज झटकावे. होळीपूर्वी कूलंटची पातळी, पंखा व नळ्या पाहाव्यात. कूलंट किती वर्षांनी बदलावयाचे ते पुस्तिकेत दिलेले असते. वैशाखात जड ओझ्याच्या फेऱ्या शक्यतो सकाळी कराव्यात.

ग्रामकार्यकर्त्यांनी या विषयाचे प्रात्यक्षिक गावच्या बैठकीत अवश्य करून दाखवावे. त्यास दोन गाड्या, एक बादली पाणी, लाकडी काडी व ब्रश एवढेच साहित्य लागते. एका गाडीच्या फिन्स सर्वांसमोर साफ कराव्यात, निघालेली माती कागदावर गोळा करून दाखवावी आणि ऑइलची पातळी प्रत्येकाला स्वतः पाहावयास लावावी. मूठभर माती पाहून जे पटते, ते तासभर सांगून पटत नाही.

सारांश

1. इंजिन तापणे म्हणजे उष्णतेची आवक जावकीपेक्षा वाढणे होय. प्रथम जावकीची वाट मोकळी आहे की नाही ते पाहावे.
2. क्रम असा ठेवावा : भार व रीत, वाऱ्याची वाट, ऑइल, कूलंट, मिश्रण आणि सर्वांत शेवटी इंजिनाचा आतील भाग.
3. एका वेळी एकच दुरुस्ती करावी व त्याच वाटेवर गाडी चालवून परिणाम पाहावा. दोन-तीन बदल एकदम केल्यास खरे कारण कधीच कळत नाही.
4. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, रेडिएटर उघडू नये व गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये.
5. ऑइलची पातळी दर आठवड्यास पाहावी. ज्या घरात बैलांना रोज वेळेवर पाणी दाखविले जाते, त्या घरात आठवड्यातून एकदा ऑइलची खूण पाहणे जड वाटू नये.